जुन्या होम कॉम्प्युटर गेमच्या मूळ प्रती शोधताना या चुका टाळा

गेमचे नाव शोधायचे, यादीतील सर्वांत स्वस्त प्रत निवडायची, पैसे भरायचे आणि पार्सल उघडल्यावर फसवणूक झाली म्हणून तक्रार करायची, हा नवख्या संग्राहकांचा क्रम आता मला तोंडपाठ झाला आहे. बहुतेक वेळा फसवणूक झालेलीच नसते. विक्रेत्याने जे लिहिले होते तेच पाठवलेले असते. घेणाऱ्याने ते नीट वाचलेले नसते.

केवळ गेमच्या नावावर शोध घेणे

१९८० च्या दशकात एकच गेम झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ आणि अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी या घरगुती संगणकांसाठी स्वतंत्रपणे निघत असे आणि पुष्कळदा वेष्टनावरील चित्र तेच राहून कोपऱ्यातील पट्टी तेवढी बदलत असे. संगणक जुळला तरी आवृत्तीचा प्रश्न उरतोच. १९८३ चा ‘मॅनिक मायनर’ आधी बग-बाइट या प्रकाशकाने काढला आणि नंतर सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स या दुसऱ्या प्रकाशकाने. दोन्हींतील काही चित्रे वेगळी आहेत, इतकेच नव्हे तर पाहिजे त्या दालनात उडी मारण्याचा गुप्त संकेतही निराळा आहे: पहिल्यात ६०३१७६९ हा आकडा, तर दुसऱ्यात ‘टाइपरायटर’ हा शब्द. डबी एका प्रकाशकाची आणि आतली कॅसेट दुसऱ्याची, अशी शंका आली तर गेम लोड करून हा संकेत टाकून पाहावा. लेबलपेक्षा त्याचे उत्तर अधिक विश्वासार्ह असते.

हिट स्क्वॉड, किक्स ही जुने गेम स्वस्तात पुन्हा काढणारी प्रकाशननामे होती. ती वाईट नाहीत, पण ती पहिली आवृत्ती नव्हे.

‘संपूर्ण’ या शब्दावर विश्वास ठेवणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. फायरबर्डने १९८५ मध्ये काढलेल्या स्पेक्ट्रमवरील ‘एलिट’सोबत नक्कल रोखण्यासाठी लेन्सलॉक नावाचे घडी होणारे प्लास्टिकचे भिंग येत असे. गेम लोड झाल्यावर पडद्यावर दोन अक्षरे उभ्या पट्ट्यांत विस्कटलेली दिसत. पडद्यासमोर भिंग धरले की ती जुळून येत आणि ती टंकल्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे. लेन्सलॉक इतरही काही गेमसोबत येत असे, परंतु प्रत्येक गेमच्या भिंगातील प्रिझमची रचना निराळी असे.

माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाने बरीच किंमत मोजून ही प्रत घेतली. छायाचित्रात खोके, माहितीपुस्तिका, सोबतची कादंबरिका, कॅसेट आणि भिंग असे सगळे दिसत होते. अक्षरे मात्र काही केल्या जुळेनात. त्याने आधी कॅसेटवर संशय घेतला आणि दुसरा टेपरेकॉर्डर आणला. नंतर टीव्हीला दोष दिला. तो अगदीच निराधार नव्हता, कारण पडद्यावरील खुणेची रुंदी भिंगाच्या रुंदीइतकी करून घ्यावी लागते आणि फार मोठ्या पडद्यावर ते जमत नाही. म्हणून त्याने लहान पडद्याचा जुना टीव्ही मिळवला. तरीही परिणाम शून्य. अखेर दुसऱ्या एकाकडील खात्रीच्या प्रतीतले भिंग शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोन्हींच्या खाचांची मांडणी वेगळी निघाली. विक्रेत्याने सगळी भिंगे सारखीच असतात असे समजून दुसऱ्या गेमचे भिंग प्रामाणिकपणे खोक्यात ठेवले होते. तोपर्यंत परतीची मुदत संपली होती. गंमत अशी की ‘एलिट’च्या सुरुवातीच्या काही प्रतींत मुळातच चुकीचे भिंग गेले होते, त्यामुळे ‘कधीच न उघडलेली प्रत’ हाही येथे पुरावा ठरत नाही.

म्हणून मी विक्रेत्याला ‘संपूर्ण आहे का?’ असे कधीच विचारत नाही. त्या आवृत्तीत काय काय होते याची यादी आधी स्वतः तयार करतो, ती पाठवतो आणि प्रत्येक वस्तूचे स्वतंत्र छायाचित्र मागतो. खोक्यात गेमसोबत छोट्या वस्तू घालणाऱ्या इन्फोकॉम या कंपनीच्या गेमच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. १९८४ च्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’मध्ये ‘सूक्ष्म अंतराळ आरमार’ म्हणून चक्क एक रिकामी प्लास्टिकची पिशवी दिलेली होती आणि ती केर समजून टाकून दिलेल्या प्रती आजही ‘संपूर्ण’ म्हणून विकल्या जातात. ज्यांना एवढी चौकशी म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो, त्यांनी सुटी कॅसेट घ्यावी. ती स्वस्तही पडते.

प्लास्टिकच्या वेष्टनाला पुरावा मानणे

आकसणारे प्लास्टिक आणि ते तापवण्याचे साधन आज कोणालाही विकत मिळते. सर्वांत आधीचे गेम तर साध्या झिपच्या पिशवीत, मामुली छपाईचा कागद घालून विकले जात. ‘अकालाबेथ’ आणि ‘मिस्ट्री हाउस’ ही त्याची उदाहरणे. असा कागद नकली बनवणे अवघड नसते. २०२२ मध्ये अशा दुर्मीळ गेमच्या बनावट प्रती संग्राहकांमध्ये विकल्या गेल्याचे उघडकीस आले आणि त्यांतील काही फ्लॉप्या कोऱ्या होत्या. विकत घेणाऱ्यांनी त्या जपण्याच्या हेतूने चालवून पाहिल्याच नव्हत्या. रंगीत छपाईकडे मी भिंगातून पाहतो: जुन्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते, तर घरगुती इंकजेटच्या छपाईत शाईचे ठिपके अस्ताव्यस्त पसरलेले असतात.

हाती येताच फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालणे

ही उतावीळपणाची सर्वांत महागडी तऱ्हा आहे. दमट जागी राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशी धरते. ती फिरली की चुंबकीय थर खरवडला जातो, ड्राइव्हमधील वाचणाऱ्या हेडला घाण चिकटते आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या फ्लॉप्याही खराब होतात. सव्वापाच इंची फ्लॉपी मधल्या छिद्राशी बोटाने हळूहळू फिरवावी आणि खिडकीतून दिसणारा पृष्ठभाग तिरप्या उजेडात पूर्ण फेराभर तपासावा. पांढुरके डाग दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून मगच पुढे जावे. गोल ओरखडे दिसले तर तो भाग गेला असे समजावे.

लेखनबंदीची खूणही आधी पाहावी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच झाकलेली असेल तर ती सुरक्षित असते. साडेतीन इंचीच्या बाबतीत नेमके उलट, म्हणजे छिद्र उघडे असेल तर ती सुरक्षित. ही उलटापालट ध्यानात न ठेवणाऱ्यांनी मूळ फ्लॉपीवर आपला खेळ जतन करून ठेवल्याचे मी पाहिले आहे.

लोड न होणारी कॅसेट मृत ठरवणे

दोष बहुधा टेपरेकॉर्डरचा असतो. त्याचा रबरी पट्टा सैल झालेला असतो, हेड मळलेले असते किंवा हेडचा कोन मूळ ध्वनिमुद्रणाशी जुळत नसतो. मी कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे नेतो, पूर्ण मागे आणतो, आतील फेल्टची गादी जागेवर आहे ना ते पाहतो आणि मगच वाजवतो. स्पेक्ट्रमवर सुरुवातीच्या एकसुरी आवाजाच्या वेळी पडद्याच्या कडेला लाल-निळसर रुंद पट्टे स्थिर दिसले, पण पुढे पिवळ्या-निळ्या बारीक रेषा येताच गडबड झाली, तर आधी आवाजाची पातळी आणि नंतर हेडचा स्क्रू, या क्रमाने जावे. आवाज खणखणीत होईपर्यंत स्क्रू किंचित फिरवायचा असतो. जोर लावून गरागरा फिरवणाऱ्यांनी त्याला हात न लावलेलाच बरा. दुसरी बाजूही वाजवून पाहावी, कारण पुष्कळ कॅसेटवर तोच गेम तिथेही भरलेला असतो.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. एनटीएससी आणि पाल या टीव्ही-संकेताच्या दोन वेगळ्या पद्धती; अमेरिकी एनटीएससी कमोडोरसाठीचा गेम युरोपीय पाल यंत्रावर सुरळीत चालेलच असे नाही, म्हणून प्रत कोणत्या बाजारातली आहे ते विचारावे. किमतीचा जुना स्टिकर नखाने खरवडू नये. हरवलेल्या इन्ले कार्डाची (कॅसेटच्या डबीतील छापील कागदाची) नवी छपाई करायला हरकत नाही, पण तिच्या मागे ‘नवी प्रत’ असे लिहून ठेवावे. तसे न लिहिणाऱ्यांना मी भोळे समजत नाही.

प्रत नीट चालली की त्याच बैठकीत तिची प्रतिमा, म्हणजे तिच्यातील माहितीची संगणकीय नक्कल, घ्यावी. नक्कल रोखणारे संरक्षण घातलेल्या फ्लॉप्यांची साधी नक्कल बहुधा चालत नाही, म्हणून ग्रीसवीझलसारख्या फ्लॉपी वाचणाऱ्या साधनाने चुंबकीय संकेत जसेच्या तसे उतरवावेत. कॅसेटची आधी वेव्ह (ध्वनिमुद्रणाची) फाइल घ्यावी, तिच्यावरून स्पेक्ट्रमच्या टेपसाठीची टीझेडएक्स फाइल तयार करावी आणि वेव्ह फाइलही जपून ठेवावी, म्हणजे रूपांतर चुकले तरी मूळ टेप पुन्हा चालवावी लागत नाही.