नवा मासा अन्नाला तोंड लावत नाही?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एंजल मासा घरी आणला आणि तो दोन दिवस फिल्टरमागंच दडून बसला. घरात सगळे काचेला नाक लावून, "खाल्लं का, खाल्लं का?" अहो, त्यानंच तर तो बुजतो!

मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी काही होत नाही. पहिल्या दिवशी अन्न टाकूच नका. टाकीच्या मागच्या नि बाजूच्या काचांना वर्तमानपत्र चिकटवा. लपायला एखादं रोप हवंच. संध्याकाळी टाकीचा दिवा बंद करून खोलीतल्या उजेडातच खायला द्या. दाणे नकोत. फ्रोजन ब्लडवर्मचा (गोठवलेल्या लाल अळ्यांचा) छोटा तुकडा टाकीच्याच पाण्यात वाटीत विरघळवा आणि ड्रॉपरनं त्याच्या तोंडापुढं चार-पाच अळ्या हळूच सोडा. मग सरळ रंकाळ्यावर चक्कर मारून या. उरलेलं मात्र आल्या आल्या काढा. ते कुजलं की पाण्यात विषारी अमोनिया वाढतो आणि मासा आणखी मलूल होतो.

आमचा एंजल चौथ्या दिवशी पुढं आला, अळी तोंडात घेतली, थुंकली, परत घेतली. आठवड्यानं ब्लडवर्ममध्ये दाणे मिसळायला लागलो. पोट खपाटीला जाऊन पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली, तर तो लाजरेपणा नव्हे, आजार समजा.