दीडशे अश्वशक्तीची सेडान बेळगाव भागात वापरायची तर

फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाचं दीड लिटर टर्बो पेट्रोल इंजिन १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. ह्युंदाई व्हर्नाच्या टर्बोत तेच आकडे १६० आणि २५३. इंजिन सहसा त्रास देत नाही. आपल्या भागात जपाव्या लागतात त्या दोन गोष्टी: ऑटोमॅटिकचा क्लच आणि गाडीचं पोट, म्हणजे तळाचा भाग.

आधी क्लच. या गाड्यांतला सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स वेग घेताना फार छान चालतो, पण त्याचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलानं सरकते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. गणपत गल्ली, खडेबाजारची गर्दी किंवा चोर्ला घाटात ट्रकमागची रांग, हीच त्याची खरी परीक्षा. पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका. दोन गाड्यांएवढी जागा मोकळी होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदम पुढे जा आणि पूर्ण थांबा. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरणं ही सर्वांत वाईट सवय. ब्रेक दाबून ठेवा किंवा थांबलेल्या गाडीचा ब्रेक आपोआप धरून ठेवणारा ऑटो होल्ड लावा. गिअरबॉक्स गरम झाल्याचा इशारा आला तर बाजूला घ्या, 'पी'मध्ये (पार्क) टाका आणि इशारा जाईपर्यंत थांबा. सुटताना गाडी थरथरू लागली, रिव्हर्स पडायला वेळ लागू लागला किंवा जळका वास आला, तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. रोजचं येणं-जाणं शहरातच असेल तर सरळ मॅन्युअल गिअरची गाडी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ओव्हरटेकला ताकद हवी, पण 'डी'मध्ये (ड्राइव्ह) गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला वरचा गिअर धरून बसतो. पाय दाबल्यावर तो खाली येतो, टर्बो भरतो, यात मोलाचा क्षण जातो. म्हणून ट्रॉलीच्या बरंच मागे राहा, समोरचं दिसू द्या, निघण्याआधीच 'एस' (स्पोर्ट) किंवा मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर घ्या. आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा २,००० च्या वर असला की जोर लगेच मिळतो. रात्री ट्रॉलीशेजारून जाताना उसाची टोकं गृहीत धरून नेहमीपेक्षा हातभर जास्त अंतर ठेवा.

उतारावर हाच मॅन्युअल मोड दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ठेवावा. कणकुंबीहून गोव्यातल्या साखळीकडे उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात आणि पेडल जड, निर्जीव लागतं. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलाच, किलोमीटर कमी झाले असले तरी. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो.

आता पोट. रिकाम्या गाडीला उंची पुरेशी वाटते, पण पाच माणसं आणि ५२१ लिटरची भरलेली डिकी असली की मागचा भाग बसतो आणि गावच्या हंपवर मधलं पोट घासतं. हंप तिरका घ्या, एका वेळी एकच चाक चढू द्या. गावाकडून तांदळाचं पोतं आणलं तर ते डिकीच्या दाराशी नको, मागच्या सीटला चिकटवून ठेवा. भरलेल्या गाडीसाठी टायरची हवा वेगळी असते. ती दाराच्या किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या स्टिकरवर छापलेली असते आणि टायर थंड असतानाच भरायची. २०५/५५ आर १६ मापाच्या टायरऐवजी २०५/६० टाकले तर उंची साधारण १० मिलिमीटरनं वाढते, पण स्पीडोमीटर आधीपेक्षा तीनेक टक्के कमी वेग दाखवू लागतो आणि वॉरंटीचा वाद होऊ शकतो. फायद्यापेक्षा कटकट जास्त.

पावसाळ्यात पाण्याचा भरवसा नको. निपाणीजवळच्या यमगर्णीला वेदगंगेच्या पुरानं २०१९ आणि २०२१ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद पडला होता. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे तर पुरात हमखास पाण्याखाली जातात. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर मागे वळा. इंजिननं पाणी ओढलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टोइंग बोलवा. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीसाठीचं जादा कव्हर) घेतलेलं असलं तरी वारंवार स्टार्टर मारून झालेलं नुकसान क्लेमला अडचणीचं ठरतं.

खानापूर, जांबोटीकडच्या तांबड्या धुळीत फिरत असाल तर एअर फिल्टर दर ५,००० किलोमीटरला उघडून बघा. इंजिन ऑइल मात्र गाडीच्या माहितीपुस्तिकेतल्या मानकाचंच हवं, 'त्याच ग्रेडचं' म्हणून दुकानदार देईल ते नको. टायरची नक्षी कायद्यानं १.६ मिलिमीटर चालते. घाटातल्या पावसासाठी ती झिजून ३ मिलिमीटरवर आली की टायर बदला. २५० न्यूटन-मीटरचा जोर ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सहज फिरवतो, तेव्हा ते रोखणारा ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवा. तो बंद करायचा फक्त चिखलातून गाडी काढताना.

जुनी गाडी कोल्हापूर-पुण्याहून आणणार असाल तर एमएच नंबर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ कर्नाटकात ठेवता येत नाही, नवी नोंदणी करावी लागते. मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना हरकत दाखला) आधी घ्या, कर्नाटकचा कर किती बसेल ते बेळगाव किंवा चिक्कोडी आरटीओत विचारा आणि तो आकडा किमतीत धरूनच सौदा ठरवा. मूळ राज्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी नव्या नोंदणीची आणि कर भरल्याच्या पावतीची प्रत लागते.