दोन बाण दिसले की थांबा

मावशीला मी शिकवलं ते असं. व्हॉट्सॲपवर मेसेज आला की आधी वरची बारीक अक्षरं बघायची. एक बाण म्हणजे फॉरवर्ड. दोन बाण म्हणजे किमान पाच हातांतून फिरून आलेला. दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. फोन बिघडलेला नाही, अडथळा मुद्दाम ठेवलाय.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. अफवा फोनवरूनच पसरलेली. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा जाहीर केली, २०१९ मध्ये जगभर, आणि दोन बाणांसाठी एक चॅट हे एप्रिल २०२० मध्ये. सरकारने २०२१ च्या नियमांत पहिला पाठवणारा शोधून द्या म्हटलं, ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

मात्र मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण गायब! मावशीने ही पळवाट आठवड्यात शोधली. त्यामुळे बाण नसला तरी गाव, तारीख, बातमीचं मूळ विचारा. फोटो असेल तर गुगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या गुगलच्या सोयीवर, टाका. बरेचदा जुनाच निघतो.