बेसमेंटमधला खोका: थंडीच्या देशात एचआरव्ही कसं सांभाळायचं

कॅनडातल्या रेजायना शहरातल्या घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी बिल्डरच्या माणसाने आम्हाला बेसमेंटमध्ये नेऊन सगळं भराभर दाखवलं. फर्नेस म्हणजे घर तापवणारी भट्टी, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह, फ्यूजचं पॅनेल. फर्नेसशेजारी तुळयांना साखळ्यांनी टांगलेला एक खोका होता आणि त्याला चार जाड डक्ट, म्हणजे हवेचे नळ, जोडलेले होते. त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे एचआरव्ही. चालू राहू द्या." बस्स, एवढंच. एचआरव्ही म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर, बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब परत घेऊन घरात ताजी हवा आणणारं यंत्र, हे मला नंतर कळलं.

आम्ही ते चालू ठेवलं नाही. दिवसरात्र घूंऽऽ आवाज, सोफ्यावर बसलं की मानेवर गार झुळूक, आणि बाहेर उणे 30 असताना बाहेरचीच हवा घरात कशाला ओढायची असा साधा हिशेब. डिसेंबरात प्लग काढून टाकला. जानेवारीत खिडक्यांच्या काचांना आतून, खालच्या कडेला बोटभर बर्फ धरायला लागला. रोज सकाळी टॉवेल घेऊन खिडक्या पुसायच्या हे कामच होऊन बसलं. फेब्रुवारीत मुलीच्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि वास आला. मी चिपळूणची. बुरशीचा वास मला अंधारातही ओळखता येतो. बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळे ठिपके पसरले होते, आणि त्या भिंतीपासून हातभर अंतरावर माझी लेक झोपत होती.

त्या दिवशी प्लग परत लावला. त्यानंतर या खोक्याबद्दल जे जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण कॅनडात नवीन घर घेतलेल्या आपल्या बऱ्याच घरांत अजून तीच चूक होते.

आधी हे घर समजून घ्यायला हवं. चिपळूणच्या कौलारू घरात हवा कौलांतून येते, दाराखालून जाते, तिला कुणी वाट दाखवावी लागत नाही. इथल्या भिंतींच्या आत प्लास्टिकचा अखंड पडदा असतो, खिडक्यांना दोन-तीन काचा असतात. ऊब बाहेर जात नाही, तशी ओलही जात नाही. आणि आपल्या घरात ओल किती! कुकरच्या चार शिट्ट्या, भात, दोन वेळचा चहा, सगळ्यांच्या गरम पाण्याच्या आंघोळी, स्टँडवर वाळत घातलेले कपडे, शिवाय चार माणसांचा श्वास. ती वाफ घरातली सर्वांत थंड जागा शोधते, म्हणजे काच किंवा कपाटामागची भिंत, आणि तिथे पाणी होऊन बसते.

एचआरव्हीचं काम म्हणजे बाथरूम वगैरे ठिकाणची ओलसर, शिळी हवा बाहेर टाकायची आणि तेवढीच ताजी हवा आत घ्यायची. मधे एक चौकोनी गाभा असतो, त्याला कोअर म्हणतात. पातळ पत्र्यांचे कित्येक थर, एका थरातून जाणारी हवा, शेजारच्या थरातून येणारी. दोन्ही एकमेकींत मिसळत नाहीत, पण जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाते. समजा बाहेर उणे 25 आहे, घरात 21, आणि यंत्र 70 टक्के ऊब परत मिळवतं. तर आत येणारी हवा साधारण 7 अंशांची होऊन येते. उणे 25 ची हवा फुकटात 7 वर आली, ही केवढी बचत! पण 7 अंशांची हवा मानेला गारच लागते, म्हणून जाळीतून गार झुळूक आली की बिघाड समजू नका. सोफा हलवा. आमच्या घरी अखेर सोफाच हलला.

रेजायनात राहणाऱ्याला यात थोडा अभिमानही आहे. 1977 मध्ये याच शहरात सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊस बांधलं गेलं. जाड इन्सुलेशन, हवाबंद भिंती आणि हवेतली ऊब परत घेणारं असंच यंत्र. फर्नेस नव्हतीच.

आता कामाचं. खोक्याचं दार उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा. भिंतीवरच्या कंट्रोलवर 'ऑफ' केलं म्हणजे वीज बंद झाली असं होत नाही. टायमर किंवा आर्द्रतेच्या सेटिंगमुळे पंखा मधेच सुरू होऊ शकतो. दार उघडलं की यंत्र थांबवणारं बटण बऱ्याच युनिटांत असतं, पण बोटं पंख्याजवळ घालताना मी त्या बटणावर विसंबत नाही. हात कोरडे, पायाखालची फरशी कोरडी. आत वायरिंगचं झाकण असतं, ते स्क्रूने बंद केलेलं असतं. तो स्क्रू आपला नाही, तंत्रज्ञाचा.

आत दोन फिल्टर असतात, कोअरच्या दोन बाजूंना. पहिल्यांदा मी ते काढले तेव्हा बाहेरच्या हवेच्या बाजूचा काळपट होता, त्यात चिलटं आणि मातीचे कण. घरच्या बाजूच्या फिल्टरवर मात्र जुन्या गोधडीतल्या कापसासारखा राखाडी थर, सहज सोलून निघेल असा. बोटाने उचलला तर अखंड निघाला, त्यात मुलीच्या लोकरी टोपीचे लाल धागे दिसत होते. एवढ्या थरातून हवा जाणार कशी? पंखा फिरत राहतो, आवाज येत राहतो, आपल्याला वाटतं यंत्र चाललंय.

फिल्टर एक ते तीन महिन्यांनी साफ करावेत. हिवाळ्यात मी दर महिन्याला करते, कारण तेव्हा घर पूर्ण बंद असतं. आधी व्हॅक्यूम, मग धुता येणारे असतील तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. पिळू नका, दोन टॉवेलांमध्ये दाबा आणि पूर्ण वाळू द्या. घडीघडीचे बारीक फिल्टर धुवायचे नसतात, ते बदलायचे. फिल्टर वाळेपर्यंत यंत्र बंदच ठेवा. 'तासभर तसंच चालू दे' म्हणून बिनफिल्टरचं चालवलं की सगळी धूळ थेट कोअरमध्ये जाऊन बसते.

कोअर मी वर्षातून दोनदा काढते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. काढण्याआधी वरची बाजू कुठली, दाराकडची कुठली हे मार्करने लिहून ठेवा, आणि मोबाइलवर फोटोही काढा. कोअर सरळ येत नाही, थोडा अडकतो. दोन्ही हातांनी दोन्ही टोकांना धरून हळू ओढा. आत पाणी साचलेलं असलं तर तो वाटतो त्यापेक्षा जड निघतो, आणि कडा हाताला लागतात, म्हणून हातमोजे घाला. प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा कोअर असेल तर आधी व्हॅक्यूम, मग बाथटबमध्ये कोमट साबणाच्या पाण्याने धुवा आणि निथळायला उभा ठेवा. उकळतं पाणी नको, डिशवॉशर तर मुळीच नको.

इथे एक सावधगिरी. तुमच्या खोक्यावरची पाटी नीट वाचा. तिथे एचआरव्ही नसून ईआरव्ही लिहिलेलं असेल, तर त्याचा कोअर ओलही इकडून तिकडे देतो आणि बऱ्याचदा कागदासारख्या पडद्याचा बनलेला असतो. असा कोअर पाण्यात बुडवला की कामातून गेला. त्याला फक्त व्हॅक्यूमचा मऊ ब्रश, आणि बाकी त्याच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच.

कोअर बाहेर असतानाच खालची तबकं पुसून घ्या. शिळ्या हवेतल्या वाफेचं पाणी तिथे पडतं आणि दोन नळ्यांतून खालच्या ड्रेनकडे जातं. प्रत्येक तबकात साधारण दोन लिटर कोमट पाणी हळूहळू ओता. ड्रेनपाशी पाणी मोकळं पडलं तर ठीक. तुंबलं तर नळीत शेवाळासारखा बुळबुळीत गोळा असतो, नळी काढून धुवावी लागते. या नळीला एक वेटोळं दिलेलं असतं आणि त्यात पाणी भरलेलं राहायला हवं, नाहीतर ड्रेनची घाण हवा यंत्र वर ओढतं. उन्हाळ्यात ते पाणी सुकून जातं. बेसमेंटमध्ये कुठून तरी गटाराचा वास येतोय असं वाटलं तर सगळं घर उलथंपालथं करण्याआधी या वेटोळ्यात एक तांब्या पाणी ओतून बघा.

आता घराबाहेर चला, कारण माझ्या अनुभवात निम्मी दुखणी बाहेर असतात. भिंतीवर दोन तोंडं दिसतील. एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून बाहेर येते. हात धरला की कळतं. आत घेणाऱ्या तोंडाला बारीक जाळी असते. जूनमध्ये इथल्या पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडतो, अगदी आपल्या सावरीच्या कापसासारखा, आणि तो त्या जाळीवर गादीसारखा बसतो. मऊ ब्रशने झाडायचा. शरद ऋतूत पाने, कधी गांधीलमाशीचं पोळं. आणि जानेवारीत दंव. एका वर्षी उणे 35 चा आठवडा चालला होता, यंत्र नेहमीसारखं घुमत होतं, तरी खिडक्या परत घामेजल्या. बाहेर जाऊन पाहिलं तर जाळी पांढऱ्याशुभ्र दंवाने पार बुजलेली. यंत्र बंद करून हातमोज्याच्या बोटांनी दंव खरवडून काढलं, दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून कडाक्याच्या थंडीत कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जाते तेव्हा एकदा त्या तोंडाकडे बघूनच परत येते. हिमवादळानंतर त्याच्यापुढचा बर्फही फावड्याने दूर करा.

याच तोंडाबद्दल सर्वांत गंभीर गोष्ट. त्याच्याजवळ गाडी चालू ठेवून उभी करू नका. थंडीत पाच-दहा मिनिटं इंजिन तापवायची सगळ्यांना सवय असते, पण तो धूर एचआरव्ही इमानेइतबारे घरात आणून देईल, त्यात कार्बन मोनॉक्साइडही आला. त्या वायूला वास नसतो. बार्बेक्यू, बर्फ फेकायचं मशीन, सिगारेट ओढणारे पाहुणे, सगळे त्या भिंतीपासून लांब. आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत हवाच.

स्वयंपाकघरातल्या चिमणीचा डक्ट एचआरव्हीला जोडायचा नाही, कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी. फोडणीचं तेल कोअरमध्ये आणि डक्टमध्ये साचतं आणि आगीला निमंत्रण मिळतं. कपड्यांच्या ड्रायरचंही तेच. चिमणी वेगळी, थेट बाहेर काढलेली. मी तळण करताना चिमणी लावते आणि नंतर अर्धा तास एचआरव्ही जास्त वेगावर ठेवते. बाथरूममध्ये 20 मिनिटांचं टायमर बटण आहे, ते प्रत्येकाने आंघोळीला जाताना दाबायचं हा आमच्या घरचा नियम आहे. सासूबाई इथे आल्या की त्याही न चुकता दाबतात.

आर्द्रतेसाठी वीसेक डॉलरचा आर्द्रतामापक आणा. हिवाळ्यात अंदाजावर चालू नका. बाहेर उणे 10 असेल तर घरात 35 टक्क्यांच्या आसपास, उणे 20 ला 25, उणे 30 ला 20 टक्के, असं मी ठेवते. खरा निवाडा काचेचा: खालच्या कडेला पाणी दिसलं की सेटिंग आणखी खाली आणायचं. उलट ओठ फुटायला लागले, नाकातून रक्त आलं, तर हवा जास्त कोरडी झालीय, वेग कमी करा. पण बंद करू नका. उन्हाळ्यात मात्र हे आर्द्रतेचं सेटिंग वर, अगदी शेवटाला नेऊन ठेवा. बाहेरची हवा दमट असताना घर कोरडं करायला म्हणून यंत्र धावत सुटलं तर ते आणखी दमट हवाच आत आणेल.

अतिथंडीत यंत्र मधेच आवाज बदलतं, काही मिनिटं बाहेरची हवा घ्यायचं थांबतं आणि घरचीच हवा फिरवतं. कोअरवरचा बर्फ ते वितळवत असतं. त्याला त्याचं काम करू द्या.

यंत्र जाणूनबुजून बंद करायची एक वेळ आहे, ती म्हणजे वणव्याचा धूर. 2023 चा उन्हाळा इथल्या लोकांना विसरणं शक्य नाही, सूर्य दिवसाढवळ्या नारिंगी दिसायचा. एचआरव्हीचा साधा फिल्टर धुराचे बारीक कण अडवत नाही. असा धूर असेल तेव्हा बाहेरची हवा बंद, यंत्रात घरचीच हवा फिरवायची सोय असेल तर ती लावा, फर्नेसला चालत असेल तर मर्व्ह 13 चा, म्हणजे बारीक कण अडवणारा, फिल्टर बसवा. धूर गेला की एचआरव्हीचे फिल्टर साफ करून पुन्हा सुरू करा. हे 'पुन्हा सुरू करा' फोनमध्ये गजर लावून ठेवा, कारण तेच विसरतं.

येणारी आणि जाणारी हवा सारखी आहे की नाही हे मोजायला उपकरण लागतं, ते काम वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून करून घ्या. बाहेर जाणारी हवा जास्त झाली तर घर हवा कुठूनही खेचू लागतं, साध्या चिमणीच्या वॉटर हीटरचा धूरसुद्धा. आत येणारी जास्त झाली तर ओल भिंतींच्या आत ढकलली जाते. म्हणून गार लागतं म्हणून खोल्यांच्या जाळ्यांवर पुठ्ठा लावू नका, फर्निचर टेकवू नका. गार डक्टवरचं प्लास्टिकचं आवरण कुठे फाटलं असेल तर मात्र लगेच टेपने बंद करा, नाहीतर आतलं इन्सुलेशन भिजून थेंब गळू लागतात.

आणि डिसेंबरात महिनाभर भारतात जाताना प्लग काढून जाऊ नका. आम्ही ते सर्वांत कमी वेगावर ठेवतो आणि शेजाऱ्यांना किल्ली देतो. फ्रिजवर कागद लावलेला असतो, त्यावर तीनच ओळी: बाहेरच्या जाळीवर दंव आहे का बघा, खोक्याखाली पाणी सांडलंय का बघा, मुलीच्या खोलीतल्या खिडकीची खालची कड कोरडी आहे का बघा. तिचं कपाट आता आतल्या भिंतीला लावलंय.