शिकारीसाठी रेंजफाइंडर घेताय? आधी हे बघा

रेंजफाइंडर म्हणजे लेझर सोडून टार्गेटचं अंतर मोजणारं यंत्र. त्याच्या बॉक्सवर १००० यार्ड लिहिलंय म्हणून लगेच भुलू नका, तो आकडा बहुतेक वेळा चकचकीत, लेझर परत फेकणाऱ्या टार्गेटचा असतो, हरणाची केसाळ कातडी तेवढा लेझर परत पाठवत नाही, त्यामुळे हरणासाठी वेगळी रेंज दिलेली असते ती शोधा आणि तीच खरी धरा.

दुसरं म्हणजे अँगल, आणि धनुष्यवाल्यांनी तर हे सोडूच नये. मचाणावरून ३० अंश खाली बघताना रेंजफाइंडर सरळ रेषेत ४० यार्ड दाखवतो, पण नेम धरायचा आडव्या अंतरावर, म्हणजे साधारण ३५ यार्डांवर, नाहीतर बाण वरून जातो नाहीतर जनावर नुसतं जखमी होतं, आणि ते फार वाईट. म्हणून अँगल कॉम्पेन्सेशन, म्हणजे कोन धरून आडवं अंतर दाखवणारी सोय, हवंच.

झाडीत असाल तर लांबचं टार्गेट पकडणारा मोड बघा, नाहीतर मधल्या फांदीचंच अंतर येतं. काळा डिस्प्ले संध्याकाळी दिसत नाही, लाल आकडे बरे. ६ पट झूम पुरतो.

घेतल्यावर टेपने ५० यार्ड मोजून चार-पाचदा तपासा, एक यार्ड इकडेतिकडे चालेल.