जुनी आलमारी, जुना दिवाण ऑनलाइन विकताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी घरातली लोखंडी आलमारी आम्ही ऑनलाइन विकायला काढली. आमचं गाव दारव्ह्याजवळ, गिऱ्हाईक यवतमाळचं. फोटो पाहून भाव ठरला. तो माणूस छोटा हत्ती करून आला, आलमारी जराशी कलती केली आणि खाली वाकून पाहिलं. तळाचा पत्रा एका कोपऱ्यात गंजून बोट आरपार जाईल असा झाला होता. "भाऊ, हे फोनवरच सांगाले पाहिजे होतं," एवढंच तो बोलला आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. गाडीभाडं त्याच्या अंगावर पडलं. त्या भोकाची मला माहिती होती, मी लिहिलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शहरात गिऱ्हाईक दोन गल्ल्या सोडून राहतं, येतं, पाहतं, नाही पटलं तर निघून जातं. आपल्याकडे येणारा 40 किलोमीटरवरून गाडी ठरवून येतो, सोबत उचलायला एखादा माणूस आणतो. गावातून विकायचं तर जाहिरात या माणसासाठी लिहा. गाडीवाल्याला फोन करण्याआधी त्याच्या मनात जे जे येईल, त्याचं उत्तर तिथे हवं.

खोट लपवणे

जिथे खराब आहे तिथला फोटो सगळ्यात जवळून काढा. लाकडी सामानाचं पहिलं विचारणं उधळीचं, म्हणजे वाळवीचं, ठरलेलं असतं: "उधळी तं नाही ना लागली?" म्हणून विकायला काढण्याआधी दिवाण उलटा करा आणि पायांच्या बुडाला खिळ्याचं टोक टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर लाकूड पोकळ झालं आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर उधळी, पिठासारखा भुसा आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर घुण. सागवानाला काही होत नाही असं आपण धरून चालतो. ते खरं आहे ते गाभ्यापुरतं. बाहेरचा फिकट भाग, रसकाठ, किडे खातात, आणि स्वस्तात बनवलेल्या सामानात तोच जास्त असतो.

दुसरं, सगळ्यालाच "सागवानी" म्हणू नका. मेळघाट आणि आलापल्लीच्या मुलखात राहतो आपण, लाकूड ओळखणारी माणसं घरोघरी आहेत. चौकट सागवानाची आणि फळ्या प्लायवूडच्या असतील तर तसंच लिहा. फळीची कड पाहिली की कळतं: प्लायवूडला थर दिसतात, अख्ख्या लाकडाच्या रेषा वरून कडेपर्यंत सलग उतरतात.

विकण्याआधी रंग मारणे

ही चूक फार लोक करतात, आणि पैसे घालून करतात. ताजा ऑइलपेंट दिसला की घेणाऱ्याला वाटतं, खाली काहीतरी बुजवलं आहे. ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या, लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. जुन्या सागवानाचा रंग त्याने असा उघडतो की फोटोला वेगळं काही करावं लागत नाही. मात्र कच्चं तेल वाळायला आठवडाभर तरी लागतो, आदल्या दिवशी लावाल तर हाताला चिकटेल. आणि तेलाचे बोळे एका जागी गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. पसरवून, मोकळ्या हवेत वाळवा.

माप न देणे

"डबल बेड आहे" याने काही कळत नाही. लांबी, रुंदी, उंची फूट-इंचात लिहा. पलंग सुटा होतो का, नटबोल्ट आहेत की खिळे ठोकले आहेत, तेही लिहा. आमच्या नात्यात एक शोकेस विकली गेली, पैसेही मिळाले, आणि घेणाऱ्याच्या जिन्यातून ती वर जाईना. माप आधी दिलं असतं तर दोन्ही घरांचा मनस्ताप वाचला असता.

फोनच येत नाहीत

जाहिरातीत ठिकाण म्हणून आपलं खेडं टाकलं असेल तर पाहणारे थोडेच असतात. जवळचं मोठं शहर टाका आणि पहिल्याच ओळीत गावाचं नाव व अंतर लिहा. वेळही पाहा. जूनमध्ये बियाणं-खतात पैसा गुंतलेला असतो, शिवाय दमट हवेत ड्रॉवर फुगून अडकतात. सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की, आणि पुढे लग्नसराईत, मागणी वाढते. सरकारी नोकरांच्या बदल्या उन्हाळ्यात होतात, तेव्हा खोली लावणारी माणसं जुनं सामान शोधत असतात.

भावाचं एवढंच: बाबांनी किती हौसेने घेतलं होतं, हे गिऱ्हाईक मोजत नाही. तसल्याच नव्या वस्तूची आजची किंमत काढा आणि गाडीभाडं त्याच्या खिशातून जाणार हे धरून भाव सांगा.

घाईत पैसे घेणे

शेजारच्या काकाजींनी दिवाण विकायला टाकला, तासाभरात फोन. "मी फौजेत आहे, बदली झाली आहे, माणूस पाठवून उचलतो, पैसे आत्ताच टाकतो." माप विचारलं नाही, उधळीचं विचारलं नाही, भाव पाडला नाही. मग क्यूआर कोड आला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. काकाजी पिन टाकणारच होते, मुलीने फोन हातातून घेतला म्हणून वाचले.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोड स्कॅन करणे आणि पिन टाकणे म्हणजे पैसे देणे. स्क्रीनशॉट किंवा मेसेज दाखवला म्हणून सामान गाडीत चढवू नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली पाहा. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन करा, कारण तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

गाडी दारात उभी राहिली की एकदा लॉकर आणि चोरकप्पा रिकामा करून पाहा. आमच्या आलमारीच्या कागदाखाली आईचं जुनं पासबुक आणि एक सातबारा निघाला होता. सामान गेलं की त्याच दिवशी जाहिरात काढून टाका. नाहीतर पुढचा माणूस दिग्रसहून निघालेला असतो.