सपाट एचटीएमएलमधून विभाग-उपविभाग कसे बांधावेत

साध्या एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा) फाइलमध्ये शीर्षकं आणि परिच्छेद एकाखाली एक, सगळे एकाच पातळीवर असतात. शीर्षकांच्या पातळ्या एच१, एच२, एच३ अशा खुणांनी दाखवतात; एच१ सर्वांत वरची. समजा, एच१ मध्ये ‘सातारा जिल्हा’, एच२ मध्ये ‘वाई तालुका’, एच३ मध्ये ‘मेणवली’, खाली नाना फडणवीसांच्या वाड्याचा परिच्छेद आणि लगेच पुढे एच२ मध्ये ‘पाटण तालुका’. मेणवली वाई तालुक्यात आहे हे आपल्याला वाचताना कळतं, फाइलच्या रचनेत मात्र ते कुठेच नसतं. ‘वाईचा तेवढा मजकूर वेगळा काढा’ म्हटलं की गाडी अडते, कारण वाई कुठे संपते याची खूणच नाही.

आधी फाइल साफ करा. नुसत्या ठळक अक्षरांत टाकलेली शीर्षकं शोधून त्यांना योग्य एच द्या. काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं; प्रोग्रामच्या लेखी ठळक ओळ म्हणजे साधा परिच्छेदच. एच१ नंतर थेट एच३ दिसला, तर मजकूर वाचूनच त्याची पातळी ठरवा.

मग एक स्टॅक ठेवा, म्हणजे त्या क्षणी उघड्या असलेल्या विभागांची यादी. फाइल वरून खाली वाचत जा. शीर्षक आलं की त्याच्याच किंवा त्याहून आतल्या पातळीचे उघडे विभाग बंद करा आणि जो उरेल त्याच्या पोटात नवा विभाग उघडा. परिच्छेद, तक्ता, चित्र सर्वांत आतल्या उघड्या विभागात जातं. ‘पाटण तालुका’ आला तेव्हा स्टॅकमध्ये सातारा, वाई, मेणवली आहेत. पाटण एच२, म्हणून मेणवली बंद, मग वाई बंद. सातारा एच१, तो उघडाच राहतो आणि पाटण त्याच्या पोटात जातो. फाइल संपली की उरलेले सगळे बंद.

एक्सएसएलटी (अशा फाइलींची रचना बदलण्यासाठीची भाषा) वापरत असाल तर २००७ ची २.० किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. तिच्यातल्या फॉर-ईच-ग्रुप या आज्ञेला ग्रुप-स्टार्टिंग-विथ जोडलं की शीर्षकागणिक गट पडतात. १९९९ च्या १.० मध्ये ही सोय नव्हती. पहिल्या शीर्षकाआधी मजकूर असेल तर त्याचाही एक गट पडतो. त्याला विभाग समजू नका, तो तसाच वर राहू द्या. कोड लिहायचाच नसेल तर पॅनडॉक या फाइल-रूपांतराच्या प्रोग्रामचा सेक्शन-डिव्ह्ज हा पर्याय हेच काम करतो.

तयार फाइलमधले विभागांचे टॅग काढून ती साफ केलेल्या फाइलशी ताडून पाहा. एकही ओळ कमी-जास्त किंवा मागेपुढे झालेली नसावी.